चित्र जपानचे, आवाज घरचा

(हिंजवडी येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

जपानमध्ये तयार झालेली ॲनिमेशन मालिका दुसऱ्या देशातल्या दूरचित्रवाणी संचावर दिसू लागते तेव्हा प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ती मूळ कलाकृती, की तिच्या चित्रांवर नव्याने रचलेली दुसरीच एखादी कलाकृती, हा प्रश्न १९६०च्या दशकातील अमेरिकेच्या संदर्भात बराच चर्चिला गेला आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात मात्र तो फारसा विचारला गेलेला नाही. जपानमध्ये ‘ॲनिमे’ ही संज्ञा कोणत्याही देशाच्या, कोणत्याही शैलीच्या ॲनिमेशनला लावली जाते. जपानबाहेर मात्र तिचा अर्थ आकुंचन पावला आणि ती केवळ जपानी ॲनिमेशनची निदर्शक ठरली. या अर्थाने पाहता महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीने पाहिलेली पहिली ॲनिमे म्हणजे १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ‘जंगल बुक’ ही मालिका होय. ती टोकियोत काढली गेली आहे, हे त्या पिढीतील बहुतेकांना पुढे मोठेपणी कळले, आणि अमेरिकेत ‘ॲस्ट्रो बॉय’ किंवा ‘स्पीड रेसर’ पाहत वाढलेल्या पिढीचाही अनुभव याहून फारसा निराळा नव्हता. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. त्याचे मूळ जपानी मालिका ज्या पद्धतीने घडवली जाई त्या पद्धतीतच आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

अमेरिकेत जपानी ॲनिमेशन प्रथम पोहोचले ते चित्रपटगृहांत, आणि तेही वेषांतर करून. तोएई या कंपनीचा ‘हाकुजादेन’ हा १९५८चा चित्रपट आणि ‘साइयुकी’ हा १९६०चा चित्रपट, हे दोन्ही १९६१ साली अमेरिकेत प्रदर्शित झाले. यांपैकी दुसऱ्याची कथा मराठी वाचकाला विशेष जवळची ठरावी, कारण ‘साइयुकी’ म्हणजे चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याच्या भारतयात्रेवर रचलेल्या कादंबरीचे रूपांतर होय. हाच ह्युएन त्संग सातव्या शतकात, सत्याश्रय पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रात येऊन गेला आणि येथील माणसे उपकारकर्त्याशी कृतज्ञ व अपमान करणाऱ्याशी निष्ठुर असतात, असे नोंदवून गेला. अमेरिकी आवृत्तीत या यात्रेकरूचा ‘राजपुत्र आमात’ झाला, बुद्धाचा ‘राजा आमो’ झाला आणि माकडाला ‘अलाकाझाम’ हे जादूगाराच्या मंत्रासारखे नाव मिळाले. चीन, भारत आणि बौद्ध धर्म अशा तिन्ही खुणा पुसून उरलेल्या चित्रांवर एक नवीच परीकथा चढवण्यात आली. पुढच्या पंचवीस वर्षांत जपानी मालिकांबाबत अमेरिकेत जे घडले त्याचा आराखडा येथेच दिसतो.

दूरचित्रवाणीवरील खरा आरंभ १ जानेवारी १९६३ रोजी झाला. त्या दिवशी फुजी टीव्हीवर ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या मालिकेचा पहिला भाग दाखवण्यात आला आणि १९६६च्या अखेरीपर्यंत तिचे १९३ भाग झाले. तेझुका हे मुळात चित्रकथाकार. त्यांच्या ‘मुशी प्रॉडक्शन’ या संस्थेने दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग देण्याचे कबूल केले आणि तेही प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी किमतीला. ही तूट प्रायोजक असलेल्या मेइजी कंपनीच्या चॉकलेटबरोबर दिली जाणारी आतोमुची चिकटचित्रे आणि खेळणी यांच्या उत्पन्नातून, तसेच परदेशी विक्रीतून भरून काढावी, असा हिशेब होता. कलेच्या इतिहासात असे हिशेब सहसा तळटीपेत ढकलले जातात. येथे मात्र साऱ्या शैलीचा उगमच त्या हिशेबात आहे.

चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते. डिस्नेच्या चित्रपटांत या २४ चौकटींसाठी १२ ते २४ वेगवेगळी चित्रे काढली जात आणि म्हणून त्या पद्धतीला पूर्ण ॲनिमेशन म्हणतात. तेझुकांच्या संस्थेने एकच चित्र तीन-तीन चौकटी टिकवून सेकंदाला साधारण आठ चित्रांवर भागवले. याशिवाय पात्र स्थिर ठेवून केवळ पार्श्वभूमी सरकवणे, चेहरा तसाच ठेवून फक्त डोळे किंवा तोंड हलवणे, एकदा काढलेले उड्डाणाचे दृश्य साठवून ठेवून पुढच्या अनेक भागांत वापरणे, अशा युक्त्या नियमित करून टाकल्या. यालाच मर्यादित ॲनिमेशन म्हणतात. ते जपानचे संशोधन नव्हे. अमेरिकेत हॅना-बार्बेरा यांनी दूरचित्रवाणीसाठी तेच तंत्र आधीपासून वापरात आणले होते. परंतु हॅना-बार्बेरांनी ते विनोदासाठी वापरले, तर तेझुकांनी त्याच काटकसरीत दुःख, मृत्यू, एकटेपणा आणि यंत्राला लाभलेले माणूसपण असे विषय आणले, आणि हलत्या चित्रापेक्षा थबकलेल्या चित्रात भाव अधिक साचतो, हे आपल्या चित्रकथेच्या अनुभवावरून ओळखले.

या काटकसरीचा एक परिणाम आवाजाच्या बाबतीत झाला, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. डिस्नेच्या पद्धतीत आधी कलावंतांचा आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि मग त्या आवाजातल्या प्रत्येक स्वराबरहुकूम ओठ काढले जातात. अशा चित्रावर दुसरी भाषा चढवणे म्हणजे एकाच्या मापाने शिवलेला अंगरखा दुसऱ्याला घालण्यासारखे असते. जपानी पद्धतीत क्रम उलटा आहे. आधी चित्रे तयार होतात आणि नंतर कलावंत पडद्यासमोर उभे राहून त्यांना आवाज देतात. याला तेथे ‘आफुरेको’ म्हणजे नंतरचे ध्वनिमुद्रण म्हणतात. ओठांच्या हालचालीही मोजक्या: तोंड मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पूर्ण उघडलेले एवढ्या तीन अवस्थांवर बहुतेक संवाद पार पडतात. याचा अर्थ असा की जपानी मालिकेत जपानी आवाज हाही चित्राला नंतर जोडलेला आवाज असतो. मूळ आवृत्ती आणि डब केलेली आवृत्ती यांत श्रेष्ठ-कनिष्ठ भाव मानण्याची जी सवय सुशिक्षित प्रेक्षकाला असते, तिचा तांत्रिक आधार येथे बराच ढिला पडतो. न्यूयॉर्कमधील किंवा मुंबईतील कलावंत ज्या जागी उभा राहतो, त्याच जागी टोकियोतील कलावंतही आधी उभा राहिलेला असतो.

अमेरिकेत ही सोय प्रथम ओळखली ती फ्रेड लॅड यांनी. एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीची ‘एनबीसी एंटरप्रायझेस’ ही विक्रीशाखा होती, जी मालिका स्वतःच्या राष्ट्रीय जाळ्यावर न दाखवता निरनिराळ्या शहरांतील स्थानिक केंद्रांना विकत असे. या व्यवहाराला तेथे ‘सिंडिकेशन’ म्हणतात. या शाखेने ‘आतोमु’चे हक्क घेतले, लॅड यांनी संवाद नव्याने लिहवून घेतले, बिली लू वॉट या अभिनेत्रीने नायकाला आवाज दिला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये, म्हणजे टोकियोतील पहिल्या प्रसारणानंतर नऊच महिन्यांत, ‘ॲस्ट्रो बॉय’ अमेरिकी मुलांसमोर आला. इंग्रजीत एकूण १०४ भाग झाले. काही भाग खरेदीदाराने नाकारले. ख्रिस्ताच्या मूर्तीच्या डोळ्यांवर संदेश कोरल्याचे दृश्य असलेला भाग त्यांपैकी एक. पुढे अमेरिकेत रंगीत संच घरोघरी आले आणि कृष्णधवल मालिकेला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून खरेदी थांबली. कथेतील गुणदोषांशी त्या निर्णयाचा संबंध नव्हता.

खरेदीदाराची अट मालिकेच्या कथेत किती खोलवर शिरते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तेझुकांचीच ‘जंगल ताइतेइ’, अर्थात अमेरिकेतील ‘किम्बा द व्हाइट लायन’. ऑक्टोबर १९६५ मध्ये सुरू झालेली ही जपानमधील पहिली रंगीत ॲनिमे मालिका. पांढऱ्या सिंहाच्या छाव्याचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास दाखवावा, असा तेझुकांचा मानस होता. परंतु सिंडिकेशनच्या बाजारात स्थानिक केंद्रे भाग कोणत्याही क्रमाने दाखवत, मधलाच एखादा वगळत, जुना पुन्हा लावत. त्यामुळे प्रत्येक भाग स्वतंत्र असावा आणि छावा मोठा होऊ नये, अशी अट एनबीसीच्या बाजूने आली. किम्बा ५२ भाग छावाच राहिला. त्याचे मोठेपण तेझुकांनी नंतर निराळ्या मालिकेत दाखवले, पण ती एनबीसीने घेतली नाही. कथेतील काळ गोठवण्याचा हा निर्णय लेखकाच्या मेजावर झालेला नव्हता, तो स्थानिक केंद्रांच्या वेळापत्रकामुळे झाला होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या मालिकेचे कोणतेही साहित्यिक विवेचन अपुरे राहते.

‘जायगँटॉर’, ‘एट्थ मॅन’ इत्यादी मालिका याच वाटेने आल्या. त्यांची नोंद पुरेशी आहे. ‘स्पीड रेसर’पाशी मात्र थोडे थांबावे लागते. तात्सुनोको या संस्थेची ही १९६७ची मालिका त्याच वर्षी अमेरिकेत पोहोचली. पीटर फर्नांडिस यांनी तिचे इंग्रजी संवाद लिहिले, नायकाला स्वतः आवाज दिला आणि शीर्षकगीताचे इंग्रजी शब्दही रचले. मूळ नायकाचे नाव गो मिफुने, म्हणून त्याच्या सदऱ्यावर इंग्रजी ‘जी’ आणि शिरस्त्राणावर ‘एम’ ही अक्षरे काढलेली होती. नाव बदलले तरी अक्षरे पुसता आली नाहीत, आणि स्पीड नावाच्या मुलाच्या छातीवर ‘जी’ कशासाठी, हे कोडे अमेरिकी मुलांना वर्षानुवर्षे पडत राहिले. या मालिकेतील इंग्रजी संवादांचा धापा टाकणारा वेग प्रसिद्ध आहे. त्याचे कारण भाषेच्या रचनेतही शोधता येते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, बोलण्याचा भर वाक्याच्या टोकाशी जमतो, आणि चित्रातील ओठ त्या मापाने उघडमीट करतात. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन गेलेले असते, त्यामुळे उरलेली उघडमीट भरण्यासाठी जादा शब्दांची भर घालावी लागते. मराठी आणि हिंदी या भाषा या बाबतीत जपानीच्या पंगतीत बसतात. त्यांचेही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. भारतीय डबिंग कानाला कमी ओढाताणीचे वाटते, त्यामागे हेही एक कारण असावे, असे मानण्यास जागा आहे.

अमेरिकेतील पुढची वाटचाल कात्रीची आहे. मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेविरुद्ध आणि जाहिरातींविरुद्ध पेगी चॅरन यांच्या पुढाकाराने १९६८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात पालकांची संघटना उभी राहिली आणि त्या दबावाखाली वाहिन्या सावध झाल्या. ‘गाच्चामान’ या मालिकेचे १०५ भाग १९७८ साली ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ या नावाने आले तेव्हा ते ८५ उरले होते, आणि हिंसक दृश्ये कापून पडलेली भोके बुजवण्यासाठी अमेरिकेत नव्याने काढलेला एक बडबडा यंत्रमानव मध्ये घालण्यात आला होता. १९८५च्या ‘रोबोटेक’ने तर परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या तीन जपानी मालिका एकाच वंशाच्या तीन पिढ्यांची कथा म्हणून जोडल्या, कारण रोजच्या प्रसारणासाठी स्थानिक केंद्रांना किमान ६५ भाग लागत आणि एकट्या ‘माक्रोस’चे भाग होते ३६. ही कापाकापी निंद्य मानण्याची प्रथा आहे. तथापि तीन परक्या मालिकांतून ८५ भागांची सलग कथा उभी करणे हे कमी कसबाचे काम नव्हते, हेही मान्य करावे लागते.

भारतातील परिस्थिती मुळातच निराळी होती. येथे विकत घेणारी शेकडो स्थानिक केंद्रे नव्हती, तर एकच सरकारी दूरदर्शन होते. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि त्याचे कार्यक्रम सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे व परिसरात पोहोचले. १९८२मध्ये रंग आले, आणि दिल्लीहून होणाऱ्या राष्ट्रीय प्रसारणाने रविवारची सकाळ साऱ्या देशासाठी एक केली. एका वेळी एकच मालिका, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या क्रमाने, आणि मधला भाग चुकला तर पुन्हा पाहण्याची सोय नाही, ही व्यवस्था प्रेक्षकासाठी जाचक असली तरी सलग कथेसाठी अनुकूल होती. अमेरिकेत किम्बाला जे वाढणे नाकारले गेले, ते येथे मोगलीला मिळाले.

‘जंगल बुक शोनेन मोगुरी’ ही निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेची ५२ भागांची मालिका. ती ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली आणि तिचे दिग्दर्शन फुमिओ कुरोकावा यांनी केले. तिचा आधार असलेल्या १८९४च्या पुस्तकाचे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. त्यांचे वडील तेथे शिकवत. कथा घडते सिवनीच्या रानात, वैनगंगेच्या काठी, आणि हीच वैनगंगा पुढे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाजूने वाहते. म्हणजे एका मुंबईकर इंग्रजाने इंग्रजीत लिहिलेली, विदर्भाच्या वेशीवरची कथा टोकियोत चित्रित होऊन हिंदीतून मराठी घरांत परतली. जपानी चित्रकारांनी त्या रानात स्वतःचीही भर घातली: किपलिंगकडे नसलेला किची हा हिमालयातील तांबडा पांडा मोगलीचा सोबती झाला आणि मोगलीच्या हातात ऑस्ट्रेलियाचे बूमरँग आले. वैनगंगेच्या काठावर बूमरँग कसे, असा प्रश्न कोणत्याही मराठी मुलाने विचारल्याचे ऐकिवात नाही.

तो विचारला गेला नाही, याचे श्रेय मुख्यतः आवाजाला आहे. हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले आणि त्याला संगीत दिले विशाल भारद्वाज यांनी, जे त्या वेळी चित्रपटसृष्टीत अद्याप स्थिरावलेले नव्हते. जपानी शीर्षकगीताचे ते भाषांतर नव्हे, ती संपूर्णपणे स्वतंत्र रचना आहे. येथे एक समांतर घटना नोंदवण्याजोगी आहे. ‘तेत्सुवान आतोमु’च्या सुरुवातीच्या भागांत शीर्षकसंगीत शब्दांविना होते, शब्द नंतर आले आणि ते लिहिणारे शुन्तारो तानिकावा हे आधुनिक जपानी कवितेतील अग्रगण्य कवी होते. मुलांच्या मालिकेचे गीत हे दुय्यम काम नव्हे, असे मानणारा कवी दोन्हीकडे भेटला. त्याच काळात निप्पॉन ॲनिमेशनचीच ‘ॲलिस’ही दूरदर्शनवर आली आणि तिच्याही हिंदी गीतामागे गुलजारच होते.

शेरखानाचा आवाज होता नाना पाटेकर यांचा. ‘परिंदा’, ‘प्रहार’ आणि ‘तिरंगा’ या चित्रपटांमुळे तो आवाज तेव्हा घराघरांत परिचित होता. दाबून धरलेला संताप, वाक्य तोडून मध्येच थांबण्याची लकब आणि हिंदी बोलतानाही जाणवणारा मराठी हेल यांमुळे त्या वाघाला केवळ क्रौर्य मिळाले नाही, तर एक विशिष्ट माणूसपण मिळाले, आणि मराठी प्रेक्षकाला ते विशेष ओळखीचे होते. मर्यादित ॲनिमेशनचा फायदा येथे स्पष्ट दिसतो. शेरखानाचा चेहरा फारसा हलत नाही. तो थबकतो, नजर रोखतो, आणि त्या स्थिर चित्रात आवाजाला पसरायला भरपूर जागा मिळते. पूर्ण ॲनिमेशनमध्ये प्रत्येक स्नायू आधीच बोलून गेलेला असतो, त्यामुळे नव्या कलावंताला केवळ अनुकरण उरते. मराठी नाट्यपरंपरेत शब्दफेकीला जे मोल आहे, ते या जपानी काटकसरीला नकळत उपयोगी पडले, असे म्हणता येईल. मात्र भाषा हिंदी होती. राष्ट्रीय प्रसारणात मराठीला जागा नव्हती, आणि मराठी मुलांच्या हिंदीची घडण ज्या थोड्या गोष्टींनी केली त्यांत रविवारच्या या मालिकांचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत जपानीपण लपवण्यासाठी नावे बदलावी लागली, दृश्ये कापावी लागली; भारतात त्याची गरजच पडली नाही, कारण मोगली, बघीरा, शेरखान ही नावे आधीच येथली होती. परंतु या सहज स्वीकारावरून भारतीय प्रेक्षक अधिक उदार होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच सुमारास घडलेले दुसरे प्रकरण नेमके उलट दिशेचे आहे.

युगो साको हे जपानी चित्रपटकार १९८३ साली पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळील उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले आणि रामायणाने भारावून गेले. ही कथा जिवंत नटांपेक्षा ॲनिमेशनमध्ये अधिक शोभेल, कारण देवत्व लाभलेल्या पात्राला नटाच्या देहाची मर्यादा पडते, अशी त्यांची धारणा झाली. मात्र जपानी माणूस रामाचे ‘कार्टून’ काढणार, या कल्पनेला भारतात विरोध झाला, विश्व हिंदू परिषदेने आक्षेप नोंदवला, आणि अखेर चित्रपट प्रामुख्याने जपानमध्ये घडवावा लागला. येथे महाराष्ट्राचा धागा पुन्हा सापडतो. साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर दिग्दर्शन करणारे राम मोहन हे मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडले होते. १९५६ साली हा विभाग उभा राहिला तेव्हा डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना शिकवले आणि त्यातून ‘बनियन डिअर’ हा जातककथेवरील १९५७चा लघुपट निघाला. त्या पहिल्या तुकडीतील राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरले. धोतराच्या निऱ्या चालताना कशा हलतात, नमस्कारात हात किती उंचीवर येतात, याबाबत जपानी चित्रकारांना भारतीय चमूकडून मार्गदर्शन मिळत गेले. गाण्यांचे संस्कृत शब्द वसंत देव यांचे होते, जे मराठी नाटके हिंदीत नेण्यासाठी ओळखले जात, आणि संगीत वनराज भाटिया यांचे होते.

‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट १९९२ साली पूर्ण झाला. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, परंतु अयोध्येतील घटनेनंतरच्या त्या तापलेल्या वातावरणात त्याला चित्रपटगृहांत रीतसर वाट मिळाली नाही. ज्या वर्षी जपानी मोगली रविवारी सकाळी घराघरांत आनंदाने स्वीकारला गेला, त्याच वर्षी जपानी राम दाराबाहेर राहिला. एकाचे जपानीपण कोणाला माहीत नव्हते आणि दुसऱ्याचे सर्वांना माहीत होते, एवढाच फरक निर्णायक ठरला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे असले तरी निराधार नाही. पुढे हिंदी आवृत्ती झाली तेव्हा रामाला आवाज दिला अरुण गोविल यांनी, म्हणजे १९८७च्या दूरदर्शन रामायणातील रामानेच. रावण झाले अमरीश पुरी आणि निवेदक शत्रुघ्न सिन्हा. कार्टून नेटवर्कवर वारंवार दाखवली गेल्यामुळे ही आवृत्ती एका नव्या पिढीची झाली. विरोध वादातून शमला नाही. तो ओळखीच्या आवाजामुळे विरला. हाच चित्रपट २००१ साली अमेरिकेत नव्या इंग्रजी आवाजांत गेला तेव्हा रामाचा आवाज होता ब्रायन क्रॅन्स्टन यांचा, ज्यांना आज जग ‘ब्रेकिंग बॅड’साठी ओळखते.

हे सर्व हिंजवडीत बोलले जाण्याला एक औचित्य आहे. १९९३ साली मुळशी तालुक्यातील हे शेतीचे गाव होते. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान त्यानंतर आले. आज येथील कचेऱ्यांत काम करणाऱ्या चाळिशीच्या मराठी अभियंत्यांनी बालपणी ती मालिका पाहिलेली असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्यांच्यापैकी कित्येक जण जपानी ग्राहकांसाठी काम करतात किंवा जुलै-डिसेंबरमधल्या जपानी भाषेच्या परीक्षांना बसतात. पुणे हे जपानी शिकण्याचे देशातील एक प्रमुख केंद्र आहेच. एका देशासाठी बनवलेली संगणक-प्रणाली दुसऱ्या देशाच्या भाषेत, नाण्यांत, तारखांच्या रीतीत बसवण्याच्या कामाला येथे ‘लोकलायझेशन’ म्हणतात. फ्रेड लॅड यांनी १९६३ साली केले ते याच जातीचे काम होते, आणि खरेदीदाराच्या अटींनी वस्तूचा गाभा किती बदलू द्यायचा, हा त्यातला वादही तोच आहे.

या वादाचे अलीकडचे उदाहरण मुंबईत घडणाऱ्या एका कथेचे आहे. ‘क्योजिन नो होशी’ ही बेसबॉलवरील १९६८ची जपानी मालिका क्रिकेटवर बेतून ‘सूरज: द रायझिंग स्टार’ या नावाने डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर आली. टोकियोच्या गरीब वस्तीतील मुलाच्या जागी मुंबईच्या गरीब वस्तीतील मुलगा आला, बेसबॉलच्या चेंडूच्या जागी क्रिकेटचा. जपानी कंपन्यांनी भारतीय संस्थेच्या साहाय्याने भारतीय प्रेक्षकांसाठी मुद्दाम घडवलेली ही मालिका. तरीही तिची छाप मोगलीसारखी पडली नाही. याउलट ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ यांनी जपानी घर, जपानी शाळा, जपानी जेवण, यांतले काहीही न लपवता २००५नंतर भारतीय मुलांना जिंकले. शिनचॅनच्या वात्रटपणावर पालकांचे आक्षेप आले, २००८ साली सरकारने ती मालिका थांबवली आणि पुढच्या वर्षी ती कात्री लागून परतली. अमेरिकेतील पालकांचा १९६८चा झगडा येथे चाळीस वर्षांनी झाला. परिसर बदलून ‘सूरज’ला जे साधले नाही ते परिसर तसाच ठेवून डोरेमॉनला साधले, यावरून देशीपण चित्रात असते ही समजूत तपासून पाहण्याजोगी ठरते. जपानी गल्लीतून चालणारा ‘डोरेमॉन’मधला नोबिता मुंबईतल्या डबिंग कलावंतांच्या हिंदीत बोलतो, आणि मुलाला तो शेजारचा वाटतो.

२४ जानेवारी २०२५ रोजी साकोंचा तो चित्रपट अखेर भारतभरच्या चित्रपटगृहांत, नव्या हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाजांसह रीतसर प्रदर्शित झाला. या वेळी जाहिरातीत जपानचे नाव लपवलेले नव्हते, उलट ते आकर्षण म्हणून पुढे केले होते. साको तो दिवस पाहायला हयात नव्हते, आणि राम मोहनही २०१९ साली गेले होते. नव्या हिंदी आवृत्तीत सीतेला आवाज दिला सोनल कौशल यांनी. अनेक वर्षे डोरेमॉनला हिंदी आवाज देणाऱ्या कलावंत त्याच.